द्राक्षाचा एक मार्क कापला

ताई, फोटो काढून आलो.

तुम्ही मागं लागला होता तोच, छातीचा. तुमचे दिवस झाले, ईशा वेलिंग्टनला परत गेली, अनंतरावांच्या फ्रीजमधे भाजी ठेवून आलो, आणि मग म्हणलं, आता कारण सांगायला जागाच उरली नाही. इतके दिवस कारण तुम्हीच होता. ताईंचं एवढं होऊ दे, मग बघू. आता तुमचं सगळं झालं. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, पण तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी हलकं वाटलं. रडू नंतर आलं. शेवटी शेवटी तुमचा श्वास ऐकून आमचाच दम लागायचा. त्यातून तुम्ही सुटलात.

फोटोत काय निघालं ते सांगतो, पण लगेच नाही. तुम्हाला मधे बोलता येणार नाही, अशी संधी मला पुन्हा कधी मिळणार.

हे मंडळाच्या अंकात छापणार आहेत. म्हणजे तुम्हाला न ओळखणारी माणसंही वाचणार. समोरच्याला काहीच माहीत नाही असं धरून बोलायचं, हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून त्यांच्यासाठी सांगतो. या आमच्या वसुधाताई. हॅमिल्टनला हॉस्पिटलात रेडिओग्राफर, म्हणजे एक्स-रे काढणाऱ्या. मूळच्या पुण्याच्या, आणि हे सांगायची त्यांना कधी गरज पडली नाही. अनंतराव त्यांचे यजमान, ईशा त्यांची मुलगी. मी दत्तू, कऱ्हाडच्या बाजूचा, त्याच हॉस्पिटलात ऑर्डर्ली. पेशंटची ट्रॉली ढकलायची आणि 'ऑल गुड?' विचारायचं, एवढं माझं काम. माझी बायको सुमन नर्स. तिच्या व्हिसाला चिकटून मी न्यूझीलंडला आलो. शाळेचं विचारू नका. सातवीत शाळेनं मला सोडलं का मी शाळेला, यावर आमच्या गावात अजून दोन मतं आहेत. शुद्धलेखन सुमननं तपासलंय, चुका राहिल्या असतील तर तिच्या.

तेव्हा अजून फिल्मचा जमाना होता. काळी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावायची, आणि एक्स-रे काढणाऱ्याला तिच्यात काही गडबड दिसली तर कोपऱ्यात लाल गोल स्टिकर चिकटवायचा. बास. काय मोडलंय, कुठं मोडलंय, काही लिहायचं नाही. ते काम मोठ्या डॉक्टरचं, आणि त्यांच्या टेबलावर फिल्मचा ढीग. तुम्ही त्या स्टिकरला टिकली म्हणायचा. टिकली लावायची आणि तोंड मिटून उभं राहायचं, हे नव्या सुनेचं काम झालं, म्हणायचा. दिसतंय ना? मग काय दिसतंय ते लिहा.

म्हणून तुम्ही त्या वयात ऑकलंडच्या युनिव्हर्सिटीचा कोर्स धरला. फोटो वाचायचा आणि त्याचा रिपोर्ट लिहायचा. स्वतः शिकलात ते शिकलात, वर बाकीच्यांना शिकवायचं खूळ घेतलं. दर गुरुवारी डबा खायच्या वेळेला, जुन्या फिल्म ठेवायच्या खोलीत वर्ग. मोठ्या डॉक्टरांना ते पटलेलं नव्हतं. एकदा तुमच्या दारात उभं राहून ते म्हणाले, असंच चाललं तर उद्या ट्रॉलीवालासुद्धा रिपोर्ट लिहील. तेव्हा तिथं ट्रॉली घेऊन मीच उभा होतो. माझं इंग्रजी तेव्हा बेताचं. मला वाटलं कौतुक करतायत. मी 'थँक यू, डॉक्टर' म्हणलं. तुम्ही हसू दाबायला पाठ फिरवलीत आणि नंतर पाणी पिताना तुम्हाला ठसका लागला.

माझं नशीब त्याच खोलीत उघडलं. मी एका आजोबांची व्हीलचेअर परत न्यायला आलो होतो. आत आरोहा उभी, रॅगलनकडची माओरी पोरगी, नुकती शिकून लागलेली. तिनं सरावासाठी मनगटाच्या फोटोवर लिहिलं होतं की मनगट जरा विचित्र दिसतंय. तुम्ही तिला म्हणत होता की उद्या लांब गावातला डॉक्टर फिल्म बघणार नाही, त्याच्या हातात फक्त तुझी ओळ पडेल, त्या ओळीतून त्याला मनगट दिसलं पाहिजे. आरोहा म्हणाली, आय डोन्ट नो, इट जस्ट लुक्स फनी. आणि तुमची नजर माझ्यावर पडली.

"दत्तू, चित्र काढता येतं का तुला?"

मी म्हणलं, चौथीत गणपती काढला होता. गुरुजींनी विचारलं, वांगं कशाला काढलंस.

"चालेल. बस इथं. मागं वळून बघायचं नाही."

पेटीकडं पाठ करून मला बसवलंत. फिल्मचं जुनं रिकामं पाकीट उलटं करून मांडीवर दिलंत, हातात काळा मार्कर. आरोहानं फोटो बघून सांगायचं, मी न बघता काढायचं. तिनं सांगितलं, मी काढलं. दोन्ही फोटो, म्हणजे तो खरा आणि माझा, शेजारी लावले तर सगळी खोली हसली. माझ्या मनगटाचा मुळा झाला होता. भेगेची रेघ मी अंगठ्यातून काढली होती.

तुम्ही हसला नाहीत. आरोहाला म्हणालात, त्यानं तू सांगितलंस तसंच काढलंय. भेग कुठल्या हाडाला आहे, ते तू सांगितलंच नाहीस. मग तो बिचारा मिळेल तिथं काढणार.

ताई, मी शाळेत होतो तोवर कुठलीही चूक निघाली की ती माझी असायची. फळ्यावरची खडूची चूकसुद्धा. तुमच्या खोलीत पहिल्यांदा असं झालं की माझं चुकलं आणि ओरडा दुसऱ्याला बसला. मला ती जागा फारच आवडली. त्यानंतर मी प्रत्येक गुरुवारी व्हीलचेअर आणायला यायला लागलो, व्हीलचेअर असो-नसो.

तसा तुमचा नियमच होऊन बसला. वर्गात कुणीही काहीही लिहिलं की ते दत्तूला वाचून दाखवायचं. दत्तूला शरीरातलं काही कळत नाही, इंग्रजी कळत नाही, चित्र येत नाही. दत्तूच्या कागदावर भेग बरोबर जागी आली तर समजायचं, रिपोर्ट जमला. चित्राला तुम्ही दहापैकी मार्क द्यायचा. चार, पाच, कधी सहा. मार्क मला, बोलणी त्यांना. कॉफीच्या रांगेत ती मुलं मला सांगायची, हे डॅटू, धिस वीक प्लीज ड्रॉ नाइसली. मी म्हणायचो, यू टॉक नाइसली, मेट.

एकदा मात्र चूक सोळा आणे माझी. त्या दिवशी मोठे डॉक्टर सँडविच घेऊन मुद्दाम बघायला आले होते. खुब्याचा फोटो होता. आरोहानं एकदम स्वच्छ सांगितलं, डावा खुबा, हाडाच्या मानेला भेग, थोडं सरकलंय. मीही भारी काढलं. लावून बघितलं तर भेग उलट्या बाजूला. मी माझ्या डाव्या हाताला काढली होती. फोटोतला माणूस आपल्याकडं तोंड करून उभा असतो, त्याचं डावं आपल्या उजव्या हाताला येतं, हे एवढे दिवस तिथं बसून माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मोठे डॉक्टर म्हणाले, एखाद्या सर्जननं असं केलं तर? मला वाटलं, बुडाला ताईंचा वर्ग, आणि बुडवला कुणी तर दत्तूनं.

तुम्ही शांतपणे म्हणालात, म्हणूनच तो इथं चुकतोय ते बरं आहे.

मोठ्या डॉक्टरांनी सँडविच संपवलं आणि उठून गेले. पुढच्या गुरुवारी पुन्हा आले. नंतर येतच राहिले, स्वतःची खुर्ची आणायला लागले, आणि हळूहळू कबूल झाले. आधी हातापायाच्या फोटोंचे रिपोर्ट, मग बाकीचे. टिकलीच्या खाली एक ओळ यायला लागली. मग कॉम्प्युटर आले, टिकली गेली आणि ओळ राहिली. टिकली बंद झाली त्या दिवशी तुम्ही वर्गाला फिजोआचं, म्हणजे इकडच्या अंड्याएवढ्या हिरव्या फळाचं, लोणचं आणलंत. ताई, आता तुम्ही ऐकू शकत नाही म्हणून सांगतो, ते लोणचं कुणालाच आवडलं नव्हतं. आरोहानं कुंडीत टाकलं. मी खाल्लं, कारण तुम्ही माझ्याकडं बघत होता.

आता आपलं भांडण.

ते सुरू झालं तुमच्या परीक्षेला जाताना. ऑकलंडपर्यंत गाडी चालवायचा तुम्हाला कंटाळा, अनंतरावांना ऑफिस, म्हणून मी ड्रायव्हर. मांडीवर पुस्तक, पुस्तकात कुणाच्यातरी फासळ्या. रस्त्यात बॉम्बे नावाचं गाव लागतं आणि आपल्याकडचा प्रत्येक माणूस तिथं तोच विनोद करतो. मीही करणार होतो. त्याच्या आधीच तुम्ही विचारलंत, दत्तू, तुझे वडील कशानं गेले?

मी सांगितलं, पोटाचं काहीतरी होतं. नक्की मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नव्हतं. थोरल्या भावानं डॉक्टरला सांगितलं होतं, पेशंटला बोलू नका. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की पेशंटला सांगायचं नसतं, आमच्याकडं तसंच करतात. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. मलाही फोनवर सांगायचे, दादा बरे आहेत, भाकरी खाल्ली. मग एक दिवस फोन आला, उरकलं.

"तुलाही नाही सांगितलं?"

"नाही."

"सांगितलं असतं तर गेला असतास?"

"गेलो असतो की. म्हणून तर सांगितलं नाही."

नवी नोकरी, रजा नाही, सुमनचे दिवस भरत आलेले. भावानं माझा विचार केला. मी तुम्हाला हेच म्हणालो, आणि हेही म्हणालो की दादा आनंदात गेले, शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं ॲसिडिटी आहे. तुम्ही म्हणालात, त्यांना तसं वाटत होतं, हे तुला कुणी सांगितलं? मी म्हणलं, भावानं. तुम्ही म्हणालात, ज्यानं भाकरी खाल्ली म्हणून सांगितलं, त्याच भावानं?

मला राग आला होता, ताई. मी तो बॉम्बेचा विनोद करून टाकला. तुम्ही हसला नाहीत. सगळा रस्ता मग फासळ्याच वाचत बसलात.

नंतर ते भांडण कधी मिटलंच नाही. ट्रॉलीपाशी, कँटीनमधे, तुमच्या अंगणात फिजोआ गोळा करताना. तुमचं म्हणणं, जे दिसलं ते सांगायचं, सांगायची पद्धत शिकायची, पण सांगायचं. माझं म्हणणं, सांगून काय होतंय, हाड सांगितल्यानं जुळतं का? तुम्ही म्हणायचा, तू अडाणी आहेस. मी म्हणायचो, म्हणून तर मला मार्कर दिलाय.

मग तो हिवाळा आला, आपण दोघं खोकत होतो तो. माझा खोकला आमच्या भाड्याच्या घराच्या ओलीचा, असं मी ठरवलं होतं. तुमचा कशाचा, ते कुणी ठरवलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, दत्तू, छातीचा फोटो काढून घे. दिवसभर लोकांना एक्स-रेच्या दारात पोचवतोस, एकदा स्वतः आत जा. मला काही दिसायची भीती वाटत होती. मी पळवाट काढली. म्हणलं, आधी तुम्ही, मग मी.

तुम्ही म्हणालात, ठरलं. मला वाटलं मी जिंकलो. तुमच्या डॉक्टरनं दिलेली एक्स-रेची चिठ्ठी तेव्हा बरेच दिवस तुमच्या पर्समधे पडून होती, ते नंतर अनंतरावांकडून कळलं. म्हणजे तुम्हीसुद्धा घाबरला होता. हे आधी कळलं असतं तर मी तुम्हाला किती छळलं असतं.

गुरुवारच होता. वर्ग संपला होता, आणि तुम्ही आरोहाला म्हणालात, माझा एक काढ. मी बाहेर ट्रॉली पुसत उभा. तुम्ही तो मागून बांधायचा हॉस्पिटलचा अंगरखा घालून उभ्या राहिलात, श्वास रोखलात, सोडलात. आत स्क्रीनवर फोटो आला. आरोहा काही बोलली नाही.

बोलली नाही, हेच चुकलं तिचं. पेशंट समोर असताना चेहरा बदलायचा नाही, गप्प राहायचं नाही, हे तिला तुम्हीच शिकवलं होतं. तुम्ही स्क्रीनकडं आलाच नाहीत. खुर्ची ओढलीत आणि स्क्रीनकडं पाठ करून बसलात, अगदी माझ्या जागेवर.

"दत्तू, आत ये. मार्कर आण."

मी म्हणलं, ताई, मला खाली बोलावलंय. कुणी बोलावलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, खालचे थांबतील. मग आरोहाला इंग्रजीत सांगितलंत, तू त्याला रिपोर्ट सांग. नेहमीसारखा. मोठे डॉक्टर नंतर बघतीलच, पण मला आधी तुझा ऐकायचाय.

मीही पाठ करून बसलो, तुमच्या शेजारी. आरोहा बोलायला लागली. सुरुवातीला आवाज कापत होता, मग जमला. हृदय नेहमीच्या आकाराचं. डावं फुफ्फुस स्वच्छ. मी काढत होतो. मग ती म्हणाली, उजव्या फुफ्फुसात, वरच्या बाजूला, एक गोल डाग आहे. कडा खडबडीत. आणि थांबली. वर्गात ती मापं सेंटिमीटरमधे सांगायची आणि मग माझ्यासाठी पुन्हा फळांमधे. मी विचारलं, हाऊ बिग, लव्ह? ती म्हणाली, लाइक अ फिजोआ. स्मॉल वन.

मी द्राक्षाएवढा काढला.

हात तिथंच थांबला, ताई, पुढं जाईना. मला खरंच वाटलं की मी लहान काढला तर लहान राहील. तुम्ही माझ्या कागदाकडं वाकून बघितलंत. मला वाटलं, ओरडणार.

"दत्तोबा, फिजोआ केवढा असतो ते तुला माहीत आहे. माझ्याच झाडाचे खातोस."

तेवढंच. मग मी द्राक्षाच्या भोवतीनं मोठा काढला. कडा खडबडीत काढल्या. आणि डावं-उजवं या वेळी चुकलो नाही, पेशंटचं उजवं ते माझ्या डाव्या हाताला. तुम्ही कागद घेतलात, आधी तो नीट बघितलात, मग वळून स्क्रीन बघितलात, मग पुन्हा कागद. आरोहाला म्हणालात, छान सांगितलंस. कुठंच लपवालपवी नाही. ती तेव्हा रडायला लागली. आणि मला म्हणालात, दहापैकी नऊ. मी म्हणलं, एक कशाचा गेला?

"द्राक्षाचा."

आणि तुम्ही खुर्चीत मागं टेकलात, खांदे खाली आले, आणि म्हणालात, सुटले बाई. अंदाज करून करून कंटाळले होते. तुमचा तो चेहरा मला आठवतो. वाईट बातमी मिळालेल्या माणसाचा नव्हता तो. घरी आल्यावर चपला काढाव्या तसा होता.

मोठ्या डॉक्टरांनी नंतर तेच लिहिलं, जास्त अवघड शब्दांत.

अनंतराव माझ्याच पार्टीचे निघाले. ईशाची परीक्षा आहे, तिला आत्ता नको सांगायला, म्हणाले. मी जोरात मान हलवली. तुम्ही त्याच संध्याकाळी तिला फोन लावलात. आम्ही दोघं स्वयंपाकघरात लपून ऐकत होतो, दोन पुरुष आणि एक कुकर. तुम्ही मराठीत सांगत होता आणि ती इंग्रजीत उत्तरं देत होती, नेहमीसारखी. मग तिकडं रडू फुटलं असावं, कारण तुम्ही म्हणालात, मी आहे इथंच, रडून घे. परीक्षा तिनं दिली. जमेल तशी येत राहिली. तुमच्या बिछान्यात चढून बसायची, तुमच्याकडून आमटी शिकायची, आणि ती आमटी मला चाखायला लागायची. ती पोरगी तुमच्याजवळ जेवढी हसली तेवढी मी तिला आधी हसताना बघितलं नव्हतं. ते मी बघत होतो, ताई. दारात उभं राहून बघत होतो आणि मला दादा आठवत होते. तुम्हाला बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही जिंकला असता, आणि आजारी माणसाला जिंकू द्यायचं एवढीसुद्धा अक्कल मला नाही.

तुम्ही मात्र विसरला नाहीत. बोलायलाही त्रास व्हायचा, तरी मी आलो की एकच शब्द. "फोटो?" मी म्हणायचो, उद्या. तुम्ही डोळे मिटून हसायचा. शेवटच्या वेळीही मी उद्याच म्हणलं. तुम्ही म्हणालात, "खोटारडा." हे आपलं शेवटचं बोलणं. लोकांना शेवटचा शब्द म्हणून काय काय चांगलं ऐकायला मिळतं.

तुमच्या निरोपाच्या वेळी मी फजिती केली, तीही सांगून टाकतो. इथं शवपेटी चाकांच्या गाड्यावर ठेवतात. सगळे गंभीर उभे. ढकलायची वेळ आली तसा मी सवयीनं पुढं झालो, पायानं ब्रेक काढला, कोपऱ्याकडं लक्ष ठेवलं, आणि तोंडातून आपोआप निघालं, "ऑल गुड?" अख्ख्या हॉलनं ऐकलं. सुमननं डोळे मिटून घेतले. पण ईशा हसली, मग आरोहा हसली, मग मोठे डॉक्टर रुमालात हसले का रडले ते कळलं नाही. मीच तुम्हाला न्यावं हे बरं झालं, असं मला वाटलं. कोपरा कुठं लागू दिला नाही.

तर फोटो. काल माझ्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन गेलो. सुमनला सांगितलं नाही, दुधाला जातो म्हणलं. आरोहानं उभं केलं, श्वास धरा, सोडा. ती म्हणाली, ये, बघ. मी म्हणलं, नको. खुर्ची ओढली, स्क्रीनकडं पाठ केली. फिल्मची पाकिटं आता राहिली नाहीत, तिनं प्रिंटरचा कागद दिला. मार्कर मी घरून नेला होता.

माझी छाती अशी धडधडत होती की तीसुद्धा फोटोत आली असणार. आरोहा तुमच्यासारखी बोलते आता, ताई. घाई नाही, दया नाही. हृदय नेहमीच्या आकाराचं. उजवं फुफ्फुस स्वच्छ. मी काढलं. डावं फुफ्फुस स्वच्छ. मी काढलं. मग थांबली नाही, म्हणून मला कळलं की भीतीचं काही नाही. ती म्हणाली, डाव्या बाजूची एक फासळी पूर्वी कधीतरी मोडलेली, आता जुळलेली. मी पटकन उजवी बाजू चाचपली, मग आठवलं, डावं म्हणजे माझंच डावं, मीच पेशंट. मोठे डॉक्टरही येऊन बघून गेले. म्हणाले, तिनं सांगितलं तेच. घराची ओल काढा.

फासळी मोडल्याचं मला माहीतच नव्हतं. मग आठवलं. लहानपणी मी चिंचेवरून पडलो होतो. दादांनी हळद लावली आणि म्हणाले, काही नाही झालं, मुका मार आहे, ऊठ. मी उठलो. दुखत होतं, पण दादा म्हणाले काही नाही, म्हणजे काही नाही. तर बघा ताई, आहे का नाही पुरावा. कुणी काही न सांगता हाड जुळलं. फोटोत आलंय. हा एक मुद्दा माझा. तुम्ही गेल्यावर मिळाला, पण मिळाला.

बाहेर येऊन गाडीत बसलो. कागद मांडीवर. दोन पपया आणि मधे एक बटाटा, असं दिसतंय ते. पण डाग कुठंच नाही, आणि फासळीवरची गाठ बरोबर जागी. खोकला होताच, तरी गाडीत मोकळा श्वास घेतला, पार पोटापर्यंत. मग सुमनला फोन लावला. ती वॉर्डात होती. म्हणाली, दूध आणलं का? मी म्हणलं, एक्स-रेला आलोय. तिला वाटलं पेशंट घेऊन. मी म्हणलं, नाही, पेशंट मीच. आणि तिनं काही विचारायच्या आत आरोहासारखं सुरू केलं, हृदय नेहमीचं, उजवं स्वच्छ, डावं स्वच्छ. सगळं ओळीनं सांगितलं, फासळीसकट. माझं मलाच कौतुक वाटलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, जायच्या आधी का सांगितलं नाही? मी म्हणलं, अगं, काही नव्हतंच, तर सांगायचं काय?

ती म्हणाली, "अहो, आणि असतं तर?"

तेव्हा हे भांडण आता तुमच्याकडून तिच्याकडं गेलंय, ताई. तुम्ही त्यातूनही सुटलात. ती तुमच्यापेक्षा कडक आहे. कागद दाखवला तर मार्कसुद्धा दिले नाहीत, म्हणाली, दूध कुठंय.